डफील्डचं दार

तोफेला बत्ती लावायला एक हात पुढे झाला, तोच एनियासच्या दांडक्याने तो मनगटात मोडला.

मग चौकात एकच हाणामारी सुरू झाली. पेनसिल्व्हेनियाने देशाची नवी राज्यघटना मान्य केली, म्हणून वकील आणि व्यापारी सलामी द्यायला जमले होते. शेतकरी त्यांना झोडपायला आले होते. तेरा राज्यांच्या डोक्यावर आता एक बलदंड सरकार बसणार होतं. ते कर लावणार, कायमची फौज ठेवणार. आणि माणसाच्या हक्कांबद्दल त्या घटनेत अवाक्षर नव्हतं.

"एक राजा हाकलला तो काय दुसरा बसवायला?" एनियास लॉक्रिज ओरडला. तो शेतकरीच, पण राजाविरुद्धच्या लढाईत गावाच्या तुकडीचा कॅप्टन होता. लोक त्याच्या शब्दावर उठले होते.

घटनेच्या बाजूने सर्वांत जास्त बोलणारा वकील डफील्ड रक्ताळल्या तोंडाने घराकडे पळाला. जमाव मागे. पुढे एनियासचा धाकटा भाऊ ह्यू, हातात कुऱ्हाड.

"बाहेर ओढा भडव्याला! तोफेच्या तोंडी देऊ!"

एनियासही हसत होता. कुऱ्हाडीचा घाव बसला. फळी तडकली. आतून बाईची किंकाळी आली आणि एनियासचं हसू थिजलं. असा आवाज त्याने लहानपणी, समुद्रापलीकडच्या जुन्या देशात, स्वतःच्या घराच्या आत ऐकला होता. तेव्हा दाराबाहेर राजाचे शिपाई होते. त्याच्या बापाला त्यांनी अंगणातच संगिनींनी भोसकलं होतं. ह्यू तेव्हा पाळण्यात होता.

गर्दीतून वाट काढत तो पायऱ्या चढला आणि दाराला पाठ लावून उभा राहिला.

"बस झालं, ह्यू."

"दादा, बाजूला हो. सरकारचा कुत्रा आहे तो."

"असेल. घर त्याचं आहे."

"तूच आणलंस ना आम्हाला इथे?"

"मीच आणलं. आता मीच सांगतोय, मागे फिर."

ह्यूने कुऱ्हाड उगारली. दारावर की भावावर, हे शेवटपर्यंत कुणालाच कळलं नाही. एनियासचं दांडकं त्याच्या कानशिलावर बसलं. ह्यू पायऱ्यांवरून गडगडत बर्फात पडला. बर्फ लाल होत गेलं.

एकेक जण मागे सरकला. थोड्या वेळाने रस्ता रिकामा झाला.

दार किलकिलं झालं. डफील्ड बाहेर आला. त्याचं नाक फुटलं होतं.

"पाहिलंत ना, कॅप्टन? अशी झुंड आवरायलाच मजबूत सरकार हवं, म्हणत होतो मी."

एनियास बर्फात बसला होता. ह्यूचं डोकं त्याच्या मांडीवर होतं. छाती हलायची थांबली होती. एनियासने वर पाहिलं.

"झुंडीला मी आवरलं, वकीलसाहेब. उद्या तुमचं सरकार कुणाचं दार फोडायला आलं, तर त्याला कोण आवरणार?"