दोघांचे दहा फोटो

"इन में के दस एकीच आदमी ने खींचे," स्टुडिओवाला म्हणाला.

काचेच्या काउंटरवर बावीस फोटो मांडले होते. तेवीस वर्षांच्या संसारातून तेवढेच निघाले. आबिड्समधल्या त्या स्टुडिओच्या वरच्या मजल्यावर व्हिसाचा एजंट बसायचा. त्यानंच उदय आणि चारुलताला खाली पाठवलं होतं. लग्नाचं सर्टिफिकेट ठीक आहे, पण मियाँ-बीवी खरंच एकत्र नांदतात हे पटायला दोघांचे दहा फोटो होना, असं तो म्हणाला होता. जुने, नवे, खुशीतले. अर्ज उद्या सकाळी द्यायचा होता. विमानाची तिकिटं काढून झाली होती आणि पैसे परत मिळणार नव्हते. तसली तिकिटं स्वस्त पडतात, म्हणून उदयनं तसलीच घेतली होती.

अकरा महिने, पाच देश, दोन माणसं. उदयनं या प्रवासाची नऊ पानी एक्सेल फाइल केली होती. खोलीभाडं, बस, विमा, बीपीच्या गोळ्या, ज्वारीचं पीठ संपल्यावर काय. भांडण झालं तर महिन्यातून दोन रात्री वेगळी खोली, तीही धरली होती. चारुलतानं फाइल एकदाच पाहिली आणि "दोनच?" एवढंच विचारलं.

"एक ही आदमी? कैसे मालूम?" उदयनं विचारलं.

स्टुडिओवाल्यानं बावीसातले दहा फोटो चटचट बाजूला काढले. "देखो ना साब. इन सब में मॅडम सीधा कॅमेरे में देख रैं. खुल के हंस रैं. अजनबी के सामने ऐसा कौन हंसता?" मग त्यानं चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "और साब सब में नीचे देख रैं."

खरं होतं. नागार्जुनसागरला चारुलता हसत होती आणि उदय बॅगा मोजत होता. उटीला ती हसत होती आणि उदय तिकिटं खिशात घालत होता. कन्याकुमारीला वाऱ्यानं केस तोंडावर आले होते, तरी ती हसत होती. उदयचा नुसता खांदा आला होता, पण तोही घाईत दिसत होता.

"कुणी काढलेत गं हे?"

"प्रकाशनं. आणखी कोण?" चारुलता म्हणाली. "तुमच्याच बँकेतला. एलटीसीच्या सहलीला दर वेळी तुम्हीच बोलवायचात. तिघांत टॅक्सी स्वस्त पडते म्हणून."

उदयनं उरलेले बारा फोटो पुढे ओढले. "हे घेऊ."

स्टुडिओवाल्यानं ते शांतपणे मागे सरकवले. त्यातले आठ उदयनं काढलेले होते, त्यामुळे त्यांत उदय नव्हता. चार सेल्फी होत्या. त्यांत उदय होता आणि चारुलताचं कपाळ होतं.

उदयनं उटीचा फोटो उचलून लांब धरला. "ह्यात प्रकाश जरा जास्तच आहे."

"कुठंय? तो कधी असायचा फोटोत?"

"मी उजेडाचं बोलतोय."

"मग उजेड म्हणा की, अहो."

स्टुडिओवाला दहा फोटो स्कॅन करायला बसला. उदयनं मोबाइलवर फाइल उघडली. सातवं पान. घराची किल्ली, झाडांना पाणी, वीजबिल: प्रकाश. त्यानं नाव पुसलं आणि तिथं 'चतुराबाई' लिहिलं. धुणंभांडी करणाऱ्या चतुराबाईनं त्यांच्या मलकपेठच्या गॅलरीत आजवर एकही कुंडी जगू दिली नव्हती. मेली झाडं तर मेली. त्यानं फाइल सेव्ह केली.

"साब, आप पैले."

व्हिसाचे स्वतंत्र फोटो काढायचे राहिले होते. उदय पांढऱ्या पडद्यासमोरच्या स्टुलावर बसला. काउंटरपाशी चारुलतानं कन्याकुमारीचा फोटो मोबाइलमध्ये टिपला आणि कुणाला तरी पाठवला. मोबाइल लगेच वाजला. तिनं वाचलं आणि ती हसली. तेच हसू. काउंटरवर दहा वेळा पडलेलं होतं तेच.

"साब, उदर देखना नक्को. इदर."

"कोण आहे?" उदयनं स्टुलावरूनच विचारलं.

"प्रकाश. विचारतोय, बॅगा मोजून झाल्या का."

"साब, मुंह बंद."

उदयचा फोटो पाचव्या खेपेला जमला.

चारुलतानं मोबाइल पर्समध्ये टाकला, पदर सारखा केला आणि ती स्टुलावर जाऊन बसली. उदय काउंटरकडे गेला नाही. तो कॅमेऱ्यामागे जाऊन उभा राहिला, स्टुडिओवाल्याच्या खांद्याला इतका खेटून, की त्याला कोपर आवरून घ्यावं लागलं.

चारुलतानं मान वर केली आणि सरळ कॅमेऱ्यात पाहिलं. उदय तिच्याकडे बघून हसला. चांगला दात दिसतील असा हसला.

"व्हिसा का फोटो है मॅडम," स्टुडिओवाला सांगू लागला, "हंसना नक्..."

वाक्य त्यानं अर्ध्यावरच सोडलं आणि बटण दाबलं. मग स्क्रीनवर पाहिलं.

"एकदम बराबर," तो उदयला म्हणाला. "मॅडम को तो बोलना भी नै पड़ा."