हाड न मोडता

"हळू बे, गहिनीनाथ! जीव घेतो का?"

तात्याबा खाटेवर पालथा पडून ओरडत होता. त्याची पाठ वांग्याच्या रंगाची झाली होती आणि गहिनीनाथ तिच्यात कोमट करडईचं तेल जिरवत होता.

"कोण होतं?"

"काय दिसतंय? बाजाराहून येत व्हतो. ओढ्यात उतरलो अन् मागून डोक्यावर घोंगडी पडली. मंग धपाधप. एक व्हता का चार, ते बी कळलं न्हाई. तोंडातून शब्द काढीना कुणी. म्या आईगं म्हणलं, तर आणखीनच जोर आला."

गहिनीनाथनं मणक्यावरून बोटं फिरवली. "हाड शाबूत हाय. नशीबवान हायेस."

तात्याबाला तसं वाटत नसावं.

गहिनीनाथचा हात मोमिनाबादच्या लष्करी छावणीत घोड्यांना मालिश करून तयार झाला होता. छावणीतले घोडे कमी झाले, तशी नोकरी गेली. मग गावात येऊन त्यानं वेशीजवळ स्वतःचा धंदा मांडला. घोड्यांच्या मानानं माणसं त्याला सोपी वाटत. लाथा कमी मारतात. पुढच्या ओसरीत तो पुरुषांची अंगं रगडी, मागच्या पडवीत त्याची बायको छबुबाई बायकांची.

पहिली काही वर्षं ओसरीत कुत्रं झोपत असे आणि पडवीत पाय ठेवायला जागा नसे. गावातले पुरुष बायकांना नेमानं मारत. सणवारीही खंड पडत नसे. त्यावर दोघा नवराबायकोचं बरं चाललं होतं.

मग एका दसऱ्यानंतर पुरुषच मार खाऊ लागले. कुणी ओढ्यात, कुणी कडब्याच्या गंजीमागे, एकजण तर हागणदारीत, तांब्यासकट. दर वेळी डोक्यावर घोंगडी आणि खाली सोलून काढलेलं अंग. ओसरी भरली. कुत्र्यानं दुसरं घर पाहिलं.

पाटलानं गहिनीनाथला चावडीवर बोलावलं तेव्हा त्याला वाटलं, पाटलाची कंबर धरली असेल.

"का बे," अर्जुनराव पाटील म्हणाला, "मार समद्या गावाला, अन् बरकत तुला?"

"देवाची दया, पाटील."

"देवाची का तुझी? एवढी माणसं झोडपली, पर एकाचं हाड मोडलं न्हाई. कुठं हाणलं तर दुखंल पर मोडणार न्हाई, हे गावात कुणाला कळतं?"

गहिनीनाथनं आपले तेलकट हात पाठीमागं नेले.

"शुक्रवारपर्यंत मारणारा हजर कर. न्हाईतर तुझे दोन्ही हात उखळात घालून कुटीन."

"ठाण्यातले जमादार काय म्हणतील, पाटील?"

"जमादार म्हणंल, हळू कुटा."

पाटील बोललेलं करणारा माणूस होता. मागं एका कुळाची बोटं त्यानं भरल्या गाडीच्या चाकाखाली दिली होती. नीट दिसलं नाही म्हणून गाडी पुन्हा मागंही घ्यायला लावली होती.

गहिनीनाथ घरी आला तेव्हा छबुबाई भाकरी वाढत होती. त्यानं सगळं सांगितलं. ती हसली.

"हसतीस कावून?"

"हात बघा की आपले. लई कापतेत."

त्यानं तिच्या थोबाडीत मारली. हात कापत होते तरी नेम चुकला नाही. छबुबाई चुलीवर पडता पडता वाचली. तिनं खाली पडलेली भाकरी उचलली, राख झटकली, आणि पुन्हा ताटात ठेवली.

"जेवा," ती म्हणाली. "हाताचं मी बघते."

"तू काय बघणार, कपाळ?"

शुक्रवार आला. मारणारा आला नाही. सकाळीच पाटलाच्या माणसांनी गहिनीनाथला घरातून फरफटत नेलं. वाटेत त्याचा एक दात पडला, तो घ्यायलाही कुणी थांबू दिलं नाही. चावडीपुढं उखळ मांडलेलं होतं. गावातले झाडून सगळे पुरुष जमले होते. ज्यांनी मार खाल्ला होता ते पुढं बसले होते, म्हणजे ज्यांना बसता येत होतं ते.

गहिनीनाथचे हात उखळात घातले, मनगटं दोरीनं आवळली. मुसळ काही येईना. पाटलानं वाड्यावर पाटलिणीला निरोप धाडला. तरी येईना.

"बाई हाय का धोंडा?" पाटील उठला. "आज आधी हिलाच कुटतो." आणि शिव्या देत स्वतःच मुसळ आणायला गेला.

थोड्या वेळानं वाड्यातून जी आरोळी आली, ती पहिल्यांदा लोकांना बैलाची वाटली.

धावत जाऊन बघतात तर पाटील गोठ्यात पालथा. डोक्यावर घोंगडी, धोतर गव्हाणीत, आणि मुसळ शेजारी पडलेलं. पाठीपासून पोटऱ्यांपर्यंत एक जागा गोरी राहिली नव्हती. हाड मात्र एकही मोडलेलं नव्हतं.

आणि गहिनीनाथ तर साऱ्या गावासमोर उखळात हात घालून ओणवा होता.

"सोडा त्याला," पाटील शेणात तोंड ठेवूनच म्हणाला. "अन् मला उचलून त्याच्या खाटेवर न्या."

दुपारी गहिनीनाथ पाटलाचं अंग रगडत होता. सुटलेल्या हातांना काय करू आणि काय नको असं झालं होतं. पाटील कळवळून ओरडत होता, आणि ते ओरडणं ओसरी ओलांडून मागच्या पडवीपर्यंत ऐकू येत होतं.

पडवीत पाटलीण सुभद्राबाई चटईवर बसली होती. छबुबाई तिचा उजवा खांदा चोळत होती.

"लई भरलाय वो, पाटलीणबाई."

"सवय न्हाई गं. पहिलीच खेप माझी. तुमी समद्या कशा करता बाई?"

"कमरेतून जोर लावायचा. मंग खांदा दुखत न्हाई."

सुभद्राबाईनं मान वळवून तिच्या गालावरचा वळ बघितला.

"अन् तुझ्या धन्याचं कवा?"

"पाटील हिंडूफिरू लागले की लगेच," छबुबाई म्हणाली. "फकस्त हात तेवढे वाचवा. धंदा हाय."