घरासाठी वेगळा कॅमेरा

"मोठा कॅमेरा जंगलासाठी. घरच्या माणसांसाठी एक छोटा घेऊ, खिशात मावणारा," असं प्रफुल्ल स्वतःहून म्हणाला, म्हणून रजनी आज नव्या साडीची घडी मोडून त्याच्यासोबत सीताबर्डीच्या दुकानात आली होती.

त्यानं तीन कॅमेरे हातात तोलून पाहिले. एक आवडला. "माझ्या मोठ्या कॅमेऱ्यासारखाच आहे हा," म्हणत मेनूत जाऊन सवयीनं सगळं सेटिंग आपल्या मनासारखं केलं आणि तो रजनीवर रोखला.

"हालू नको वं."

ती हालली नाही. हसू तेवढं धरून उभी राहिली.

"याचा फोकस बेकार आहे गा भाऊ," तो दुकानदारावर वैतागला. "डोळ्यावर चौकटच येऊन नाही राहिली."

दुकानदारानं स्क्रीन पाहिली. "सर, तुम्ही याले पक्ष्याचा डोळा शोधायले लावला. माणसाचा लावा, लगेच पकडते."

"माणसाचं सेटिंग कुठं असते यात?"

"तुमच्या मोठ्या कॅमेऱ्यात असते तिथंच, सर."

रजनीनं चेहऱ्यावरचं हसू आवरलं.

"यायले तिथलंही माहीत नाही, भाऊ."