मनगटावरची भीमाबाई

"आईला पेनिसिलिन सोसत नाय, डॉक्टर," करंजा गावचा कल्पेश म्हणाला. डॉक्टरांनी संशयानं त्याच्याकडे आणि विश्वासानं संगणकाकडे पाहिलं. "धोका असता तर पडदा लाल झाला असता. भीमाबाईंना गेल्या महिन्यातच हे दिलंय, मस्त मानवलं." मानवलं होतं ते भीमामावशीला. विम्याचं कार्ड तिचं, म्हणून कल्पेशनं आईला तिच्या नावावर पनवेलला दाखल केलं होतं. मागे अशाच इंजेक्शननं आईचा गळा सुजल्याचं याच संगणकात नोंदलेलं होतं, पण तिच्या खऱ्या, हौसा या नावाखाली. सिस्टरनं मनगटावरची पट्टी वाचली. "भीमाबाई, हात द्या." पढवलेल्या आईनं मुकाट्यानं हात दिला. सुई टेकणार तोच कल्पेशनं पट्टी तोडली. "थांबा! ही भीमाबाई नाय, हौसा हाय!" डॉक्टरांनी खरं नाव टाकलं. पडदा लालभडक झाला. आई कल्पेशवर करवादली, "मेल्या, मला गप बसायला शिकवलंस आनि तूच बोललास!"