गिळा

उद्या एंडोक्राईन ग्रंथींच्या आजारांची प्रात्यक्षिक परीक्षा होती, म्हणून भरदुपारी अमरावतीच्या हॉस्टेलवर अफसाना माझं थायरॉइड तपासत होती. मी आरशासमोर पाण्याचा ग्लास घेऊन बसले होते. ती मागे उभी होती, दोन्ही हातांची बोटं माझ्या गळ्यावर ठेवून. ही तपासणी मागूनच करतात. पेशंटने घोट गिळला की ग्रंथी बोटांखाली वर सरकते.

"गीय," अफसाना म्हणाली. ती तेल्हाऱ्याची. 'ळ'चा 'य' आमच्याकडे होतोच, पण पुण्याचे परीक्षक हसतील म्हणून मी तिला सारखी टोकत होते.

मी घोट घेणार, तेवढ्यात कानाशी आलं, "गिळा."

"आता बरोबर. उद्या असंच म्हणजो."

"मी तं 'गीय'च म्हनलं."

पुन्हा करून पाहिलं. तिचं 'गीय' संपलं, आरशात तिचे ओठ मिटले, आणि मग ते शांत, स्वच्छ 'गिळा' आलं. तिला ते ऐकू येत नव्हतं. मला गंमत वाटली.

"आता तू काहीच बोलू नको," मी म्हटलं.

ती गप्प राहिली. "गिळा." मी उरलेलं पाणी गिळलं.

"थांब, पुस्तकात पाहतो," म्हणत अफसाना टेबलाकडे गेली. आरशात ती दिसत होती, दोन्ही हातांत पुस्तक धरलेली.

माझ्या गळ्यावरची बोटं उचलली गेली नव्हती. ती काहीतरी शोधत हलकेच खाली सरकली.

"गिळा."

ग्लास रिकामा होता. मी गिळलं नाही. ग्रंथी मात्र वर सरकली.