मागचं विमान

नरहरी राऊतचं पत्र येऊन सहा वर्षं झाली होती. आलोशियस मास्तरांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं.

पत्र पानभरही नव्हतं. 'दोन विमानं जोडीनं उडतात तेव्हा अंतर राखायचं काम मागच्याचं,' नरहरीनं लिहिलं होतं. 'मागच्यानं पुढच्याच्या पंखावरून नजर काढायची नाही. मी काढली नव्हती. चौकशीत ठरलं की मी अंतर राखलं नाही, म्हणून फ्रेडरिक गेला. असेलही. पण वळण्याआधी पुढच्यानं हात दाखवायचा असतो, आणि मला हात दिसला नाही. तो वळला, की मी भरकटलो? तुम्ही खालून पाहिलंत, चौकशीत तुमची साक्षही झाली. एवढं एकच सांगा.'

मास्तरांनी पाहिलं होतं. पन्नास सालच्या फेब्रुवारीतला रविवार. सगळी वाडी बांधावर उभी होती. अर्नाळ्याकडून किनाऱ्याकिनाऱ्यानं दोन छोटी विमानं आली. पुढचं वाडीतल्याच फ्रेडरिकचं. ते नाकासमोर जाता जाता एकाएकी वाडीकडे कललं, आणि मागच्याच्या पंख्यानं त्याचं शेपूट कापलं. फ्रेडरिक खाडीकाठच्या खाजणात कोसळला. नरहरी मिठागरात उतरला, तो वाचला. पाय मात्र अधू झाला आणि परवाना गेला.

चौकशीच्या साहेबानं मास्तरांना शाळेतच गाठलं होतं. "कोण कोणावर आदळलं?"

"मागचं पुढच्यावर," मास्तर म्हणाले.

ते खोटं नव्हतं. साहेबानं पुढे विचारलं नाही, मास्तरांनी पुढे सांगितलं नाही. फ्रेडरिक पॉलिनबायचा एकुलता एक. तो दुसऱ्याच्या चुकीनं गेला, एवढाच त्या विधवेला आधार. तो आपण कसा काढून घ्यायचा, असं मास्तर स्वतःला सांगत. ते स्वतःला पटत होतं की नाही, याची मात्र त्यांना कधी खात्री झाली नाही. वाडीतली निम्मी पत्रं त्यांच्या हातची. कोणाचं लग्न, कोणाचं आजारपण, त्यांचा टाक कुठे अडत नसे. स्वतःचं लिहायला बसले, की 'प्रिय नरहरी' एवढं लिहून कागद पुस्तकात घालून ठेवत. घरात पुस्तकं होती आणि ते होते. तिसरं कोणी नव्हतं.

छप्पन्नच्या नोव्हेंबरात, मृतांच्या स्मरणदिनी, ते दफनभूमीत गेले. संध्याकाळ उतरत होती. फ्रेडरिकच्या कबरीवरची मेणबत्ती वाऱ्यानं विझू पाहत होती, आणि पॉलिनबाय पदराचा आडोसा धरून बसली होती.

"मास्तर, एक कागद लिहून द्या मला."

"कोणाला?"

"त्या दुसऱ्या पोराला. मागच्या विमानातल्या." तिनं वर पाहिलं नाही. "लिहा की बाबा, चूक तुझी नव्हती. माझाच पोरगा मधेच वळला. मी खळ्यात चादर घातली होती, ती बघायला वळला."

मास्तर शेजारच्या कठड्यावर बसले. "तुला ठाऊक होतं?"

"मी चादरीच्या कडेलाच होते. विमानाचं तोंड माझ्याकडे झालेलं मला दिसणार नाही? तुमी तर चष्मा लावून होता."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमच्यापायी." ती सांडलेलं मेण नखानं खरवडत राहिली. "साहेबानं विचारलं असतं ना, म्हातारे, चादरीची अक्कल कोणाची?"

अक्कल मास्तरांची होती. वरून सगळ्या केळीच्या वाड्या सारख्याच दिसतात, असं त्यांनी कुठल्याशा मासिकात वाचलं होतं. फ्रेडरिकला आईच्या नावानं पत्र लिहिताना त्यांनी आपल्या मनानं घातलं, 'खळ्यात पांढरी चादर अंथरीन. आपलं घर ओळख.' लिहून मोठ्यानं वाचून दाखवलं, तेव्हा पॉलिनबाय लहान पोरीसारखी हसली होती.

"चादरीचं माझ्यावर घाला," ती आता म्हणाली. "मला कोण काय करतो? सहा वर्षं त्या पोराचं काय झालं असेल, तेच रोज मनात येतं. नुसता पत्ता तेवढा कुठून आणायचा, मास्तर?"

हो म्हणणं सोपं नव्हतं आणि नाही म्हणणं आता शक्य नव्हतं.

"पत्ता आहे माझ्याकडे. त्यानं मला विचारलं होतं. तो वळला की मी भरकटलो, म्हणून."

"कधी?"

"त्याच वर्षी."

पॉलिनबायनं पदर खाली घेतला. मेणबत्ती विझली, तिनं ती पुन्हा लावली नाही. गुडघ्यावर हात टेकून उठली आणि फाटकाबाहेर गेली. आजूबाजूच्या कबरींवर माणसं प्रार्थना म्हणत होती. मास्तर एकटेच बसून राहिले.

सकाळी ते तिच्या दारात गेले. दार उघडं होतं, पण "या" असं कोणी म्हटलं नाही. त्यांनी उंबऱ्याबाहेरूनच रात्री लिहिलेला कागद वाचून दाखवला. आत सुपात तांदूळ पाखडण्याचा आवाज तेवढा थांबला, आणि थोड्या वेळानं पुन्हा सुरू झाला.

मास्तर पायी आगाशीला गेले. एक नक्कल चौकशीच्या कचेरीला आणि एक पाकीट नरहरीला, अशी दोन्ही त्यांनी पोस्टाच्या पेटीत टाकली. पत्रात चारच वाक्यं होती: 'आईनं खळ्यात अंथरलेली चादर बघायला फ्रेडरिक वळला. तू भरकटला नाहीस. त्याच्या आईनं मला "जपून उड" एवढंच लिहायला सांगितलं होतं. चादरीचं मी लिहिलं.'