पाहुण्याचा प्रश्न

मैदानाच्या कडेला चुन्याची रेघ मारली होती. मेजर मॅडमनी सगळ्या पाहुण्यांना तिच्या अलीकडे उभं केलं आणि पुन्हा एकदा बजावलं, "शिकाऊ मुलींना हाक मारायची नाही. कुणी ओळखीची निघाली तरी नाही. तुम्हाला कुणी काही म्हणणार नाही, शिक्षा त्यांना होते. आणि एकीला नाही, अख्ख्या तुकडीला. शेवटी प्रश्न विचारता येतील. पाहुणे म्हणून."

"आमच्या ओळखीचं कोण असणार इथं," बाराचाकी म्हणाले. त्यांचे चाळीस ट्रक होते. शहर त्यांना आधी माघारी बाराचाकी म्हणे, आता तोंडावरच म्हणायचं.

सलूनवाल्यांच्या संघटनेचे अध्यक्ष रेघेपाशी सरकले. त्यांची मुलगी समोरच्या तुकडीत होती.

हे त्यांनी बसमध्ये कुणाला सांगितलं नव्हतं. शहरातल्या पुढाऱ्यांना लष्कराची ओळख व्हावी म्हणून सगळ्या संघटनांना बोलावणं आलं, तेव्हा त्यांनी पहिल्याच दिवशी नाव दिलं. खरं कारण फक्त बायकोला ठाऊक. "तिच्याशी बोलायला जाऊ नका, नाहीतरी चार महिने कुठं बोलताय," ती सकाळी म्हणाली होती. "नुसतं बघून या. वाळलीय का, तेवढं सांगा मला." मुलीनं भरतीचा फॉर्म भरला त्या दिवसापासून बापलेकीत शब्द नव्हता. ती बॅग घेऊन निघाली तेव्हाही ते एका गिऱ्हाइकाच्या गालाला फेस लावत राहिले होते.

कवायत थांबली होती. टोप्या काढून बत्तीस मुली पाठमोऱ्या उभ्या होत्या.

"बघा," मेजर मॅडम म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात थोडा अभिमान आला. "दोन महिन्यांपूर्वी यातली प्रत्येक जण वेगळी होती. आता आईबापांना आणून दाखवलं, तरी पाठमोरी ओळखू यायची नाही."

अध्यक्ष माना बघत होते. तीस वर्षं माणसं त्यांच्यापुढं पाठमोरीच बसत आली होती. चेहरा आरशात दिसायचा, पण गिऱ्हाईक ते ओळखायचे मानेवरून. इथल्या माना बघून ते जरा पुढं झाले. केसांची कड किती स्वच्छ उतरवलेली. सरळ छाटून टाकलेली नाही, मध्ये किंचित गोलाई ठेवून कानामागं बारीक करत नेलेली. असं काम शहरात एकाच दुकानात व्हायचं. त्यांच्या.

एकतीस माना तशा होत्या. तिसऱ्या रांगेतली एक तेवढी वाकडी. डावीकडे कड उगाच वर चढलेली, उजवीकडे केसांचा एक पुंजका तसाच राहिलेला. त्या डोक्यावर दोन भोवरे होते.

मानेवरचे केस ज्याचे त्याला कापता येत नाहीत.

हुकूम झाला. बत्तीस जणी एका टाचेवर वळल्या. मुलीनं त्यांना बघितलं असणार, पण पापणी हलली नाही. वाळली होती थोडी. खांदे मात्र रुंद झाले होते.

"विचारा काही," मेजर मॅडम म्हणाल्या. "लाजू नका."

पाहुण्यांत कॉलेजच्या प्राचार्यबाई होत्या, त्यांनी अभ्यासाचं विचारलं. बाराचाकींनी जेवणाचं विचारलं. पहिल्या रांगेतली मुलगी म्हणाली, "भरपूर असतं, सर."

"भरपूर म्हणाली. चांगलं म्हणाली नाही," बाराचाकी म्हणाले, आणि मंडळी हसली.

"मी विचारू?" अध्यक्ष म्हणाले. मेजर मॅडमनी मान डोलावली. रेघ ओलांडून ते तिसऱ्या रांगेपाशी गेले आणि मुलीसमोर थांबले.

"तुमचे केस कुणी कापले?"

जन्मात त्यांनी तिला अहो-जाहो केलं नव्हतं.

"शेजारच्या खाटेवरचीनं, सर." तिची नजर त्यांच्या खांद्यावरून पलीकडे होती.

"आणि बाकीच्यांचे?"

"मी, सर. सगळ्यांचे मीच कापते."

"कुणी शिकवलं?"

"कुणी नाही, सर. दुकानात बसून अभ्यास करायचे. बघून बघून आलं."

"अध्यक्ष, सांभाळा," रेघेपलीकडून बाराचाकी म्हणाले. "तुमचं गिऱ्हाईक पळवणार ही."

अध्यक्षांनी मागं बघितलं नाही. शेजारच्या खाटेवरची शेजारीच उभी होती, कानापर्यंत लाल झालेली.

"पहिल्यांदाच कात्री धरलीत ना?" त्यांनी तिला विचारलं.

"होय, सर."

"मग हात चांगला आहे तुमचा. फक्त कात्री लावायच्या आधी मान पुढं वाकवून घ्यायची. हनुवटी छातीला टेकेपर्यंत. नाहीतर कड वर चढते." ते थांबले. आवाज होता त्याहून खाली आला. "हिला सांगून बघा. ऐकायची नाही. लहानपणापासून कुणाचं ऐकत नाही. पण सांगा."

बाराचाकींचं हसू अर्ध्यावर थांबलं. मेजर मॅडमनी अध्यक्षांकडे बघितलं, मुलीकडे बघितलं. मग तुकडीकडे पाठ करून त्या प्राचार्यबाईंना पलीकडच्या इमारतीविषयी सांगायला लागल्या. ती कधी बांधली, तिथं काय काय शिकवतात, सगळं सावकाश.

तिसऱ्या रांगेत सगळ्या नजरा समोर होत्या, सगळ्या हनुवट्या वर. त्यातली एक हळूहळू खाली आली, छातीला टेकली आणि तशीच राहिली.